तेवीस (जुनं पंचवीस)

आमचा भाचा फौजदार झाला. म्हणजे निवड झाली, अजून नाशिकला प्रशिक्षण चालू आहे. दिवाळीला घरी आला तेव्हा कवायतीने चांगला रापला होता. तक्रार मात्र कवायतीची नव्हती, कायद्याच्या तासांची होती. "मामा, तीनशे दोन म्हटलं की आजीलाही कळतं. आता एकशे तीन म्हणायचं!" १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले आणि पाठ असलेले सगळे आकडे बदलले, हे त्याचं दुखणं. माझंही आहे म्हणा. तीस वर्षं वकिलीत पंचवीस-सत्तावीस करण्यात गेली.

मी सहज विचारलं, "पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाचं काय शिकवलं?"

"पुराव्यात चालत नाही," उत्तर तयार होतं.

"का चालत नाही?"

स्वारी गप्प. पोराची चूक नाही. आपल्याकडे कलम पाठ करतात, त्याचा इतिहास कुणी विचारत नाही.

हा इतिहास मद्रास इलाख्यातून सुरू होतो. कंपनी सरकारच्या काळात तिथे सारा वसूल करणारे आणि गुन्ह्याचा तपास करणारे हात बरेचदा एकच असत. छळाच्या तक्रारी पार लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेल्या, तेव्हा चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा १८५५ चा अहवाल वाचवत नाही. बोटं लाकडात दाबायची 'किट्टी', माणसाला वाकवून दोराने बांधून उन्हात ठेवणं वगैरे. साऱ्यासाठी जे उपाय, तेच कबुलीसाठी.

पुढे १८६१ साली पोलीस कायदा आला. गंमत म्हणजे फौजदारी प्रक्रियेची संहिताही त्याच वर्षीची, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही हा नियम तिच्यात होता. म्हणजे सरकारने एका हाताने पोलीस दल उभं केलं आणि दुसऱ्या हाताने त्याच्यावरचा अविश्वास लिहून ठेवला! १८७२ च्या पुरावा कायद्यात जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने तोच नियम कलम २५ म्हणून घेतला. एका अनुभवी अधिकाऱ्याने छळामागचं कारण म्हणून त्याला चक्क आळस सांगितला होता. पुराव्यासाठी उन्हातान्हात हिंडण्यापेक्षा सावलीत बसून कुणाच्या तरी डोळ्यांत तिखट घालणं सोपं पडतं, असा त्याचा मथितार्थ.

बंदी १८६१ ची, पण शिकवण्याचं काय? १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने पोलिसांच्या कारभारावर आणि प्रशिक्षणावर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला (आजचं शिवाजीनगर) प्रशिक्षण शाळा निघाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला गेली. आमचा भाचा आज तिथेच घाम गाळतोय. 'हे करू नका' आणि 'मग काय करा' यांत चाळीसहून जास्त वर्षं गेली.

आता सत्तावीस. आरोपीने सांगितल्यावरून काही सापडलं, तर तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं चालतं. यातच सगळी मेख आहे. १९४७ च्या निकालसंग्रहातला प्रिव्ही कौन्सिलचा पुलुकुरी कोट्टया खटला प्रत्येक फौजदाराने वाचावा. 'घराच्या छपरात लपवलेला चाकू काढून देतो' हे चालेल, 'ज्याने मी भोसकलं' हे चालणार नाही. चाकू कुठे होता आणि ते आरोपीला ठाऊक होतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. पण कित्येक वसुली पंचनामे असे असतात की वाचताना वाटावं, आरोपी स्वतःलाच फाशी द्यायला निघालाय! नव्या साक्ष्य अधिनियमात जुनी २५, २६ आणि २७ ही तिन्ही कलमं एकाच कलम २३ मध्ये आली आहेत. आकडा बदलला, अविश्वास तसाच आहे.

भाचा जरा नाराज झाला. "म्हणजे एवढं लिहून घ्यायचं आणि अर्धं वाया?"

"लिहायचं तो बोलला तसंच. त्यातलं काय घ्यायचं ते कोर्ट बघेल. पण चाकू कुणाकडून घेतला, रक्त कुणाचं, त्या रात्री त्याला कुणी पाहिलं, हे शोधायला तुलाच बाहेर पडावं लागेल."

"उन्हात," तो म्हणाला आणि हसला. मग वही काढून त्याने २३ लिहिलं, पुढे कंसात २५, आणि त्याखाली १८५५.