खुशाली आणि काळजी

दूरच्या माणसाची खुशाली कळली म्हणजे काळजी मिटते, असे आपण धरून चालतो. दळणवळणाच्या साधनांचा इतिहास याला पुरता दुजोरा देत नाही. साधन जितके वेगवान झाले, तितकी काळजीही वेगाने धावू लागली, असे तो चाळताना आम्हांस दिसते.

१८५४ साली टपालाचा दर अंतराऐवजी वजनावर ठरला आणि पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात देशात कोठेही जाऊ लागले. १८८० पासून मनिऑर्डरही टपालाने जाऊ लागली. गिरणगावातल्या चाकरमान्याचे कोकणातल्या घराशी नाते या दोन कागदांवर उभे राहिले. ‘बरेच दिवसांत पत्र नाही, काळजी वाटते,’ हे त्या काळच्या घरगुती पत्रांतले ठराविक वाक्य. परंतु ही काळजी पंधरवड्याच्या मापाने चाले. पोस्टमन दारावरून पुढे गेला, तरी पत्र वाटेत असेल अशी मनाची समजूत घालता येई. ही ‘वाटेत असेल’ची सोय फार मोलाची होती.

तारेने ती निम्मी हिरावली. तार म्हणजे वाईट बातमी, असा समज इतका पक्का, की लखोटा फोडण्यापूर्वीच बायाबापड्यांचा धीर सुटे. आणि मजकूर निघे मुलाला नोकरी लागल्याचा! २०१३ च्या जुलैत ही सेवा बंद झाली, तेव्हा तिच्यासाठी हळहळणारे पुष्कळ निघाले.

व्हॉट्सॲप २००९ साली निघाले. परदेशातल्या नातवाचे पहिले पाऊल आजीला घरबसल्या दिसू लागले. या सुखाला खोटे म्हणणारा मनुष्य आम्हांस कृतघ्न वाटतो. पण २०१४ च्या नोव्हेंबरात त्यात दोन निळ्या खुणा आल्या आणि ‘वाटेत असेल’ची सोय संपली. निरोप पोहोचला, वाचला, आणि उत्तर नाही! फेसबुकचे ‘लाइक’ बटणही २००९ चेच. त्याने स्नेह मोजता येऊ लागला; आणि मोजमाप आले की कमी पडणेही आलेच. कोवळ्या मनांवर याचा भार किती, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. तरी ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना या माध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी करणारा कायदा केला.

ही झाली एकेकट्याची काळजी. समूहाची काळजी याहून भयंकर. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना बेदम मारून ठार केले. भिक्षेसाठी गावोगाव फिरणे हा त्यांचा परंपरेचा धंदा.

अफवा जुनीच. पण पत्राखाली सही असे, तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे हात आखडता राही. पुढे ढकललेल्या निरोपाला कर्ता नाही आणि खर्चही नाही. शिवाय तो येतो मामाकडून, शेजाऱ्याकडून, म्हणजे ज्यांच्या शब्दावर आपला विश्वास, त्यांच्याकडून. हे तारयंत्राला कधी साधले नव्हते. त्याच जुलैत कंपनीने भारतापुरती मर्यादा जाहीर केली : एक निरोप एका वेळी फार तर पाच ठिकाणी धाडता येईल.