एका गृहस्थाचे हजार माळढोक

शिकारीला निघालेला माणूस शिकारच घेऊन परतेल असा काही नेम नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा साहेब वाघाच्या मागावर निघाला. (नाव असं, की हॉटेलच्या रजिस्टरात कुणीतरी खोटंच लिहिलं असावं असं वाटावं, पण माणूस खरा होता.) वाघूर नदीच्या घळीत वाघाऐवजी त्याला अजिंठ्याची लेणी सापडली. आता सापडलं ते सापडलं, माणसानं हात जोडून पुढं जावं की नाही? पण साहेबानं दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर, रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावरच, आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्या वेळी लेण्यात गाळमातीचा ढीग होता आणि साहेब त्यावर उभा होता. ढीग पुढं उपसला गेला, त्यामुळे ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसतं. ऐतिहासिक स्थळी नाव कोरणाऱ्या आपल्या कॉलेजकुमारांचा हा आद्यपुरुष! वाघ तेवढा इतिहासातून निसटला.

तर शिकारी माणसाला ही एक खोड असतेच. जे केलं ते लिहून ठेवायचं. या खोडीचे आपल्यावर उपकार किती आणि संताप किती यावा, याचा हिशेब मला अजून जमलेला नाही. कारण आजच्या महाराष्ट्राच्या रानांत आणि पाण्यात दीड-दोनशे वर्षांपूर्वी काय होतं, हे सांगणारे साक्षीदार बहुतेक हेच. ज्यांनी मारलं, त्यांनीच मोजलं.

कर्नल साईक्सचंच घ्या. मुंबई सरकारनं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं होतं. हा गडी पिकं, पाऊस, माणसं मोजता मोजता पाखरंही मोजायला लागला आणि १८३२ साली त्यानं दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. आपल्या माळावर माळढोक भरपूर आहे, असं तो सांगतो. आणि पुरावा काय देतो? तर एका गृहस्थानं हजारभर माळढोक मारले! ‘गृहस्थानं’ हं! दरोडेखोरानं नव्हे. रविवारी चर्चला सुट्टी धरली आणि रोज एक पाखरू पाडलं, तरी हजाराला तीन वर्षांवर लागतात. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. म्हणजे एका मादीचं हजार वर्षांचं काम गृहस्थांनी फावल्या वेळात उरकलं.

पुढं १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य झालं, तेही साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यात माळ होते, शेतं होती, आख्खं करमाळा गाव होतं. आपलं घर अभयारण्यात आहे हे कळल्यावर लोकांचे चेहरे कसे झाले असतील! शेवटी त्यातला पुष्कळ भाग वगळावा लागला. आज साऱ्या देशात हा पक्षी दीडशेच्या आसपास उरलाय, तोही बहुतेक राजस्थानात. नान्नजच्या माळावर एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

त्याच माळांवर फासे लावून तितर-लावे धरणारा फासेपारधीही होता. सरकारनं त्याचंही नाव लिहून घेतलं, पण ‘गुन्हेगार जमातीं’च्या यादीत. साहेबानं मारलं की शिकार, पारध्यानं धरलं की चोरी. तो शिक्का कायद्यातून पुसायला १९५२ साल उजाडलं आणि लोकांच्या डोक्यातून पुसायला किती लागतील, ते ज्याचं त्यानं पोलीसपाटलाला विचारावं.

संस्थानिकांची तऱ्हा आणखी निराळी. कोल्हापूरला काळविटाची शिकार चित्त्याकडून करवत. चित्तेवान डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर आणायचा, कळप दिसला की टोपी काढायची. पुढचा कारभार काही क्षणांचा. एवढ्यात जमलं तर जमलं, नाहीतर चित्ता बसकण मारायचा आणि त्याची समजूत काढत बसावं लागायचं. आपल्याकडचा चित्ता दुर्मीळ झाला तेव्हा दरबारानं आफ्रिकेहून चित्ते मागवले. देशातला चित्ता संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं, आणि १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते विमानानं कुनोला आले तेव्हा केवढा गाजावाजा झाला! कोल्हापूरला यात नवल ते काय वाटणार? उलट राधानगरी-दाजीपूरचं रान महाराजांच्या शिकारीसाठी राखून ठेवलं होतं म्हणून तिथं गवे टिकले, आणि १९५८ साली त्याचंच अभयारण्य झालं. इतरांना बंदी होती, हेच गव्यांचं नशीब.

स्वातंत्र्यानंतर बंदूक साहेबाच्या हातातून आपल्या हातात आली, एवढाच फरक. १९५१ साली मुंबई राज्यानं वन्यप्राण्यांसाठी कायदा केला. परवाना काढा, फी भरा, मग मारा! तिकडे नागपुरात विद्याचरण शुक्ल यांनी (हो, तेच, पुढं केंद्रीय मंत्री झालेले) परदेशी पाहुण्यांना मध्य भारतातल्या जंगलात शिकारीला नेणारी कंपनी काढली होती. आणि विदर्भात त्या काळी प्रत्येक घराण्यात एक मामा असायचाच, ज्यानं वाघ मारलेला असे. दिवाणखान्यात भुसा भरलेलं मुंडकं, एक काचेचा डोळा जरा तिरळा. मामा गेले, वाघ गेला, डोळा अजून पाहुण्यांकडे बघतोय. १९७२ च्या कायद्यानं हे सगळं थांबवलं. त्याच वर्षी देशभरचे वाघ मोजले, ते भरले १,८२७. पुढच्या वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, आणि पहिल्या नऊ रानांत आपलं मेळघाट होतं.

पाण्यातली गोष्ट मात्र जरा वेगळी आहे, आणि तिथंही साईक्स आहेच. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत त्याला एक थोराड, मोठ्या खवल्यांचा मासा मिळाला. १८३९ साली त्यानं त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात ‘खुदरी’ हा इथलाच शब्द घातला. हाच आपला महासीर. पुढं गळ टाकणारे साहेब या माशावर असे लुब्ध झाले की १८७३ साली थॉमस नावाच्या मद्रासच्या अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर जाडजूड पुस्तकच लिहिलं. आज मुळा-मुठेच्या पुलावर उभं राहून कुणाला हे सांगावं, तर तो नाकाचा रुमाल काढून हसेल.

धरणं आली, नद्या घाण झाल्या, सुरुंग लावून मासे मारायची टूम निघाली, आणि महासीर विरळ होत गेला. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीनं १९७० नंतर त्याची पिल्लं वाढवून धरणांत सोडायला सुरुवात केली, हे फार चांगलं झालं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत हा मासा सुखात आहे. वरदायिनी देवीचे मासे ते. त्यांना गळ लावायचा नाही. वाड्याजवळ वैतरणेकाठी तिळसेश्वराच्या डोहातही तीच रीत. ना परवाना, ना फी, ना वही. एकूण किती मासे, सर्वांत मोठा केवढा, पहिला कुणी पाहिला, कुणी कुठे कोरलेलं नाही. काठावर उभं राहून मूठभर चुरमुरे टाकले की काळ्या पाण्यातून हातभर लांबीची पाठ वर येते, तोंड उघडतं, चुरमुरे गडप होतात, आणि पोरं ओरडतात, “आणखी टाका, आणखी टाका!”