महापूर, तरसाची गुहा आणि आपले ४९ दिवस



पर्युषणाच्या तयारीची गडबड चालू असताना आमच्या स्वाध्याय मंडळातल्या अक्कांनी मला मोबाईलवर एक मोठा संदेश पाठवला. त्याचा सारांश असा : बायबलमध्ये नोहाचा महापूर आहे, हिंदूंमध्ये मनू आणि माशाची कथा आहे, आपल्या शास्त्रात ४९ दिवसांचा प्रलय आहे, हिमालयावर समुद्रातले शंख सापडतात, म्हणजे सारी पृथ्वी एकदा पाण्याखाली गेली होती हे विज्ञानानेही मान्य केलं आहे. खाली हात जोडलेली चित्रं. अक्कांचं म्हणणं, हे पाठशाळेतल्या मुलांना वाचून दाखव, म्हणजे त्यांची श्रद्धा पक्की होईल.

अक्कांचा शब्द मी सहसा मोडत नाही. पण नववी-दहावीतली मुलं आहेत. आज आपण "विज्ञानाने सिद्ध" म्हणून सांगितलं आणि उद्या त्यांना ते खोटं निघालेलं दिसलं, तर ती नुसता तो संदेश नाही, सगळी पाठशाळाच सोडतील. म्हणून आधी स्वतः शोधायचं ठरवलं.

आधी शंखांचं पाहू. शंख खरे आहेत. शेजारच्या देवघरातला शाळिग्राम तुम्ही पाहिला असेल; नेपाळच्या काली गंडकी नदीत मिळणारा तो दगड म्हणजे समुद्रातल्या एका प्राचीन प्राण्याचा जीवाश्म. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक सुद्धा समुद्राच्या तळाशी तयार झालेला आहे. पण पाणी डोंगरावर चढलं असा त्याचा अर्थ नाही. समुद्राचा तळच वर उचलला गेला. भारताचा भूखंड उत्तरेला सरकत आशियाला भिडला, त्याला सुमारे पाच कोटी वर्षं झाली. पुरात वाहून आलेल्या शिंपल्यांचा ढीग कसा असतो? फुटका, एकमेकांत मिसळलेला. इटलीतल्या डोंगरांत मात्र शिंपले थरांमध्ये, दोन्ही झाकणं जुळलेली, असे सापडतात, हे लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वीच आपल्या वहीत नोंदवून ठेवलं. त्याने हिशोबही केला : शिंपल्यातला जीव दिवसाला जेमतेम चार हात सरकतो, तो ४० दिवसांत समुद्रापासून अडीचशे मैल आत कसा जाईल?

आणि एवढं पाणी आणायचं कुठून? हवेतली सगळी वाफ एकदम पावसासारखी पडली, तर पृथ्वीवर सरासरी इंचभर पाणी होईल. जगातलं सगळं बर्फ वितळलं तर समुद्र सुमारे ७० मीटर चढेल. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर आहे. इथेच खरं तर विषय संपतो, पण मला जी गोष्ट सगळ्यात आवडली ती पुढे आहे.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात १८२१ साली दगडाच्या खाणीत काम करणाऱ्यांना कर्कडेल नावाची गुहा सापडली. आत हाडंच हाडं : हत्ती, गेंडा, पाणघोडा, तरस. इंग्लंडमध्ये पाणघोडा! लोक म्हणाले, नोहाच्या पुरातच हे उष्ण देशांतून वाहत आले. ती हाडं तपासायला विल्यम बकलंड गेले. हे ऑक्सफर्डमध्ये भूगर्भशास्त्र शिकवत आणि स्वतः पाद्रीही होते. महापुरावर त्यांची पूर्ण श्रद्धा. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी भूगर्भशास्त्र बायबलला पुष्टी देतं असं व्याख्यानही दिलं होतं.

पण त्यांनी हाडं नीट पाहिली. गुहेचं तोंड इतकं लहान की हत्ती आत शिरूच शकत नव्हता. हाडांवर दातांचे ओरखडे. आत सुकलेल्या विष्ठेचे गोळे. प्राणी सांभाळणाऱ्या माणसाने ते बघताच तरसाचे म्हणून ओळखले. मग गावात आलेल्या फिरत्या प्राणिसंग्रहातल्या जिवंत तरसापुढे बकलंडनी बैलाचं नळीचं हाड टाकायला लावलं (वाचताना अंगावर काटा आला, पण गोष्ट तशीच आहे). तरसाने जे तुकडे शिल्लक ठेवले, ते गुहेतल्या तुकड्यांशी तंतोतंत जुळले. म्हणजे कुणी वाहून आलं नव्हतं. तरसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती आणि मेलेल्या जनावरांचे तुकडे ओढून आणत होती. आज त्या हाडांचं वय सुमारे १ लाख २० हजार वर्षं धरतात. तेव्हा तिथली हवाच उबदार होती.

बकलंडनी लगेच हार मानली नाही. १८२३ च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की हाडं पुराने आणली नसली तरी वरचा चिखल मात्र महापुराचाच. पुढे तेही सुटलं. त्यांच्यासारखेच पाद्री असलेले केंब्रिजचे प्राध्यापक अ‍ॅडम सेजविक यांनी १८३१ मध्ये भूगर्भशास्त्र मंडळाच्या अध्यक्षपदावरून बोलताना आपलं जुनं मत चारचौघांत मागे घेतलं. १८३६ च्या ग्रंथात बकलंडनीही माघार घेतली. नंतर लुई अगासी यांनी दाखवलं की तो चिखल आणि ते विखुरलेले धोंडे हिमनद्यांनी आणून टाकलेले आहेत. महापूर खोडून काढणारे हे लोक नास्तिक नव्हते. चर्चमध्ये प्रवचन देणारे होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग सगळ्या धर्मांत कथा कशी? १८७२ साली ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज स्मिथ यांनी निनेवेहून आलेल्या मातीच्या पाट्या वाचल्या. त्यात नोहासारखीच नाव, तसाच पक्षी सोडणं, आणि ही कथा मेसोपोटेमियात बायबलच्या कितीतरी आधी सांगितली जात होती. एकच संदेश आपल्याला चार ग्रुपवर येतो, म्हणून तो चार जणींनी पाहिलेला ठरतो का? शिवाय नदीकाठच्या माणसाला पूर सांगावा लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी ज्यांच्या माळ्यापर्यंत आलं, त्यांना विचारा. त्यांचं जग त्या आठवड्यात बुडालंच होतं. लिओनार्ड वूली यांना १९२९ मध्ये इराकमधल्या उर इथे आठ ते अकरा फूट गाळाचा थर मिळाला. त्यांच्या पत्नीने डोकावून पाहिलं आणि हा तर नोहाचाच पूर, असं सहज म्हणून टाकलं. पण जवळच्याच एरिदूमध्ये तो थर नाही, आणि इतर शहरांतले गाळाचे थर वेगवेगळ्या काळातले निघाले.

आता आपल्याकडे. बायबलच्या वंशावळी मोजून आर्चबिशप अशर यांनी महापुराचं साल इ. स. पू. २३४८ च्या सुमारास काढलं. त्या वेळी मोहेंजोदडो आणि धोलावीरा भरभराटीला होती. आणि आपल्या गणनेप्रमाणे तेव्हा नेमिनाथ भगवानांचं शासन चालू होतं. नोहाच्या घरची आठ माणसं सोडून सारं जग बुडालं असेल, तर आपला चतुर्विध संघ कुठे होता? हा संदेश पुढे पाठवताना आपण नकळत आपलंच शास्त्र बुडवतो.

आपल्याकडे लोक अनादिनिधन आहे. त्याला कर्ता नाही, आणि रागावून तो बुडवणाराही नाही. प्रलय आहे तो भरत-ऐरावताच्या आर्यखंडापुरता, अवसर्पिणीच्या सहाव्या काळाच्या शेवटी. त्यात बर्फगार पाणी आहे, पण क्षार, विष, धूर, धूळ, आगही आहे, सात-सात दिवस. बहात्तर युगलं विजयार्धाच्या गुहांत वाचतात. पाचव्या काळाची एकवीस हजार वर्षं अजून संपायची आहेत, मग सहाव्याची तेवढीच. म्हणजे पुढचा प्रलय ३९ हजार वर्षांहून दूर, आणि मागचा जवळजवळ वीस कोडाकोडी सागरांपूर्वी. चार हजार वर्षांपूर्वीच्या गाळाचा त्याच्याशी काय संबंध?

तराजू मात्र एकच हवा. आपला प्रलयही कुठल्या खडकाने सिद्ध होत नाही, आणि विजयार्ध पर्वत शाळेच्या नकाशात मिळत नाही. मी तो आगमातला म्हणून वाचते, पुरावा म्हणून मुलांपुढे ठेवत नाही.

हे सगळं अक्कांना सांगितलं. त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मग पोरांना सांगणार काय गं तू?"

मी कॅलेंडर काढलं. आषाढ वद्य प्रतिपदेपासून भाद्रपद शुद्ध चतुर्थीपर्यंत ४९ दिवस मोजून दाखवले. उत्सर्पिणीच्या सुरुवातीला पाणी, दूध, तूप, अमृत यांच्या सुवृष्टीचे ते दिवस. गुहेतून माणसं बाहेर येतात आणि पंचमीला आपलं पर्युषण लागतं. "हे सांगते," म्हटलं, "आपल्या शास्त्रात असं आहे म्हणून. आणि वेळ उरला तर तरसाची गोष्ट."

"हाडाचं नको हं पर्युषणात," अक्का म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "दातांच्या खुणांचं तेवढं सांग."