खेळाडू कोणाचा? शाळा, कॉलेज आणि ऑफिस यांच्या ओढाताणीचा इतिहास

रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात शिकणारा मुलगा मुंबई विद्यापीठाचा विद्यार्थी असतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तो चमकला तर मुंबई विद्यापीठाची टोपी त्याच्या डोक्यावर चढू शकते. याच मुलाला रणजी करंडकाची स्वप्ने पडत असतील तर मात्र त्याचा संघ महाराष्ट्राचा, आणि त्या संघाचा कारभार पुण्याहून चालतो. कारण क्रिकेटच्या नकाशात मुंबईची हद्द ठाणे-पालघरपाशी संपते. शाळेत असताना तो कोल्हापूर विभागातून खेळलेला असतो. एकच मुलगा, एकच बॅट, आणि तीन दिशांना तीन दारे. यातले कोणते दार कोणासाठी, कधी आणि का उघडले गेले, हे पाहू लागलो की आपल्याकडच्या खेळाच्या इतिहासातला एक फारसा न लिहिला गेलेला भाग समोर येतो. तो म्हणजे उमेदवारीतल्या खेळाडूसाठी संस्थांमध्ये चाललेली ओढाताण.

आपल्याकडे खेळ हौशी होता, म्हणजे खेळाडूला पैसे देऊन विकत घेता येत नव्हते. पण चांगला खेळाडू तर सगळ्यांनाच हवा. मग देवघेव दुसऱ्या चलनात होऊ लागली. शाळेने फी माफ केली, कॉलेजने गुण कमी असले तरी प्रवेश दिला, कंपनीने नोकरी दिली. हे चलन शंभर वर्षे चालले, आणि माझ्या मते त्याने जितके खेळाडू घडवले त्याहून अधिक संसार उभे केले.

या कथेतला पहिला मोठा माणूस कोकणी आडनावाचाच आहे. बाळू पालवणकर. पुण्यात पारशांच्या क्लबवर महिना तीन रुपयांवर मैदान झाडणारा हा चांभार समाजातला मुलगा पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये चार रुपयांवर गेला. तिथे इंग्रज फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो असा काही तयार झाला की पुण्याच्या हिंदू क्लबपुढे पेच उभा राहिला. अस्पृश्याला संघात घ्यायचे की गोऱ्यांकडून हरत राहायचे? त्यांनी त्याला घेतले. मैदानात चेंडू त्याच्या हातचा चालायचा. चहाच्या वेळी मात्र त्याचा मातीचा पेला पॅव्हेलियनबाहेर. मुंबईत आल्यावर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने त्याला नोकरी दिली आणि हिंदू जिमखान्यानेही त्याच चर्चेनंतर त्याला आत घेतले. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले त्यात बाळूचा वाटा मोठा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्याला मिळाले नाही. ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळायला 1923 उजाडले. गरज असली की दार उघडते, पण किती उघडायचे ते आतला माणूस ठरवतो, हा धडा त्या काळापासूनचा आहे.

शाळांची चढाओढ साधारण त्याच सुमारास सुरू झाली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस स्वतः क्रिकेटवेडे. त्यांच्या नावाची हॅरिस ढाल 1890 च्या दशकात आली आणि काही वर्षांतच लहान मुलांसाठी गाइल्स ढाल. वरवर पाहता या शालेय स्पर्धा. प्रत्यक्षात मुंबईच्या क्रिकेटची ती पेरणी होती. सेंट झेवियर्स, दादरचे किंग जॉर्ज, बालमोहन, माटुंग्याचे डॉन बॉस्को यांच्या सामन्यांना आझाद मैदानाच्या कडेला उभे राहून पाहणाऱ्यांत पालक कमी आणि क्लबांचे चिटणीस, कॉलेजांचे कप्तान जास्त असत, असे जुने मुंबईकर सांगतात. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा कोणत्या कॉलेजात जाणार, ही त्या वर्तुळात बातमी असे.

कारण कॉलेजच त्या वेळचे मोठे व्यासपीठ होते. 1935-36 पासून आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला आणि विद्यापीठाच्या संघातून थेट कसोटीपर्यंतची वाट तयार झाली. या वाटेचे उत्तम उदाहरण दिलीप सरदेसाई. मडगावचा मुलगा. पोर्तुगीज गोव्यात क्रिकेट असे नव्हतेच म्हणा ना. कुटुंब 1957 मध्ये मुंबईला आले, तो विल्सन कॉलेजात गेला आणि तिथे प्रशिक्षक मन्या नाईकांची नजर त्याच्यावर पडली. 1959-60 च्या रोहिंटन बारियात त्याने 87 च्या सरासरीने 435 धावा केल्या. 1961 मध्ये तो कसोटी खेळला, आणि 1971 मध्ये वेस्ट इंडीजमध्ये 642 धावा करून त्याने इतिहास घडवला. सतराव्या वर्षापर्यंत ज्याच्या गावाकडे धड खेळपट्टी नव्हती, त्याला उभे केले ते कॉलेजने. त्याला शालेय ढालीच्या वाटेने येणे शक्यच नव्हते. कोकणपट्टीतून येणाऱ्या मुलासाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे: शाळेचे दार चुकले तरी कॉलेजचे दार बाकी होते.

अजित वाडेकरांची गोष्ट तर दंतकथेसारखी सांगितली जाते. गणितात हुशार, इंजिनिअर व्हायचे मनात. कॉलेजला जाताना बसमध्ये बाळू गुप्ते भेटले आणि संघाला बारावा गडी कमी आहे, येतोस का, म्हणाले. दिवसाला तीन रुपये भत्ता मिळणार होता. मुलगा गेला. 1971 मध्ये त्याच मुलाच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्ही ठिकाणी मालिका जिंकल्या. खेळाडू मिळवण्यासाठी एखाद्या कॉलेजने मोजलेली इतकी स्वस्त किंमत दुसरी नसेल!

पुढच्या पिढीत ही चढाओढ माटुंग्यात येऊन स्थिरावली. पोदार आणि रुईया ही कॉलेजे एकमेकांना लागून, दोन्ही एकाच शिक्षण प्रसारक मंडळीची. तरी मैदानावर हाडवैर. दिलीप वेंगसरकर आणि रवी शास्त्री पोदारचे, संदीप पाटील रुईयाचा. दहावीचा निकाल लागला की कोणता मुलगा वाणिज्य घेणार आणि कोणता कला-विज्ञान, यावर दोन्ही संघांचे भवितव्य ठरे. फलंदाजाला बॅलन्स शीटची गोडी अचानक कशी लागते, हे कोडे त्यामुळे सुटते.

कॉलेजच्या पुढे ऑफिस. टाइम्स शील्ड ही कंपन्यांची स्पर्धा आणि तिच्यात वरचा विभाग टिकवण्यासाठी कंपन्यांची धडपड. एसीसीकडे पॉली उम्रीगर, सरदेसाई, मफतलालकडे अशोक मांकड आणि हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर, निरलॉनकडे गावसकर, शास्त्री, संदीप पाटील, टाटांकडे वेंगसरकर, स्टेट बँकेत वाडेकर, ते तर अधिकारी म्हणून वर चढत गेले. पगार कारकुनाचा, पण दुपारनंतर सरावाला सुटी आणि साठीला पेन्शन. कांगा लीगच्या चिखलात शनिवार-रविवार खेळून सोमवारी टेबलावर हजर होणारी शेकडो माणसे याच व्यवस्थेत जगली. त्यांतले बहुतेक कधी रणजीही खेळले नाहीत. मुंबईने 1958-59 पासून सलग पंधरा वर्षे रणजी जिंकली, त्यामागे ही न चमकलेली माणसे होती. हरलेल्यालाही नोकरी राहते, ही या शिडीची खरी ताकद होती.

शिडीची मधली पायरी निखळली ती एका मुलामुळे, आणि त्याचा त्यात काही दोष नाही. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या शाळेत होता. 1984 मध्ये भाऊ अजितने त्याला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे नेले. आचरेकर मूळ मालवणचे, नोकरी स्टेट बँकेत, जीव मैदानावर. त्यांनी सल्ला दिला की शाळा बदला, शारदाश्रमला या, तिथे सामने जास्त मिळतील. घर सोडून मुलगा शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला. फेब्रुवारी 1988 मध्ये त्याने आणि विनोद कांबळीने हॅरिस ढालीत सेंट झेवियर्सविरुद्ध 664 धावांची भागी केली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तो कराचीत कसोटी खेळत होता, वय सोळा. कॉलेजच्या संघाला त्याची वाट पाहण्याची संधीच मिळाली नाही.

त्यानंतर चढाओढीचे वय खाली घसरले. 1999 मध्ये बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी रोहित शर्मा नावाच्या मुलाला शाळेत येण्यास सांगितले. महिना 275 रुपये फी परवडत नव्हती म्हणून ती माफ करून घेतली. नंतर पालघरचा शार्दूल ठाकूर त्याच शाळेत आला आणि लाडांच्याच घरी राहून शिकला. पृथ्वी शॉ विरारहून पहाटेची लोकल पकडून सरावाला येत असे; वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्डकडून त्याने 2013 मध्ये हॅरिस ढालीत 546 धावा केल्या. आता चुरस आहे ती बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी. 2008 मध्ये आयपीएल आल्यावर तर एकोणिसाव्या वर्षी लिलावात नाव येऊ शकते, मग एफ. वाय.च्या वर्गाचे आकर्षण कोणाला?

याच्या अगदी उलट चित्र उत्तर अमेरिकेत, बर्फावरच्या हॉकीत दिसते. तिथे सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या कनिष्ठ लीग आहेत, परगावची मुले यजमान कुटुंबांकडे राहून खेळतात. कॅनडाच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये मुलांना थोडा भत्ता मिळतो, एवढ्यावरून अमेरिकन कॉलेजांची संघटना एनसीएए त्यांना व्यावसायिक ठरवी. एकदा त्या लीगमध्ये खेळलात की कॉलेजचे दार बंद. म्हणून सोळाव्या वर्षीच मुलाला ठरवावे लागे: भत्ता की पदवी. ज्यांना पदवी हवी ती मुले दुसऱ्या लीगकडे वळत आणि त्या लीग यावरच जगत. नोव्हेंबर 2024 मध्ये एनसीएएने हा नियम बदलला, 1 ऑगस्ट 2025 पासून ते दार उघडले. आता कॅनडाचे क्लबच मुलांना सांगू शकतात की आमच्याकडे खेळा, कॉलेजही चुकणार नाही. तिथे पदवी हे अजून चलन आहे. आपल्याकडे क्रिकेटमध्ये ते चलनातून बाद होत चालले.

रत्नागिरीचा खरा खेळ मात्र क्रिकेट नव्हे, कबड्डी. आणि तिथे जुनी शिडी परवा-परवापर्यंत शाबूत होती. गावच्या मंडळात तयार झालेला चढाईपटू मुंबईला चाकरमानी म्हणून जायचा, लालबाग-परळच्या मंडळाकडून खेळायचा, आणि नशीब असेल तर रेल्वे, बँक, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र यांपैकी कोणाच्या तरी संघातून नोकरीला लागायचा. कबड्डीने गावाकडच्या घरांवर कौले घातली, पक्के जोते बांधले. 2014 मध्ये प्रो कबड्डी आली. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली, 12 लाख 80 हजार. आठ-नऊ वर्षांत पवन सेहरावतची बोली दोन कोटींच्या पुढे गेली. शुभम शिंदेसारखा आपल्या जिल्ह्यातला मुलगा टीव्हीवर दिसू लागला, ही आनंदाचीच गोष्ट. पण फ्रँचायझींच्या चाचण्या कोवळ्या मुलांसाठी असतात, आणि त्याच वर्षांत बारावी आणि पदवीही येतात. करार दोन हंगामांचा. गुडघा गेला तर तिसरा हंगाम नाही, आणि ऑफिसांचे संघही पूर्वीसारखे भरती करत नाहीत.

उरले आहे ते सरकारी चलन. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. जुन्या कंपन्यांनी मैदानावर नजर ठेवून खेळाडू निवडला, सरकार कागद पाहून निवडते. त्यामुळे त्या कागदाला भाव आला, इतका की राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांचे प्रकार उघडकीस आले आणि पडताळणी कडक करावी लागली. त्या पडताळणीच्या रांगेत खरा खेळाडूही उभा असतो, हातात गावच्या स्पर्धेची पाच-सात प्रशस्तिपत्रके घेऊन, आणि खिडकीपलीकडून त्याला कळते की यांतली बहुतेक मोजली जात नाहीत. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची हवी.