शुश्रूषागृहांतील साथप्रतिबंध

वृद्ध, अपंग वा दीर्घकाळ आजारी व्यक्तींची निवासासह परिचर्या करणाऱ्या संस्थांत संसर्गजन्य रोगांचा शिरकाव व फैलाव रोखण्याचे उपाय. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणतात ते छोटे खाजगी रुग्णालय येथे अभिप्रेत नाही.

अशा ठिकाणी खोल्या आणि जेवणघर सामाईक असते. तेच हात अनेकांना भरवतात, आंघोळ घालतात, कूस बदलून देतात. त्यातच उतारवयात आजाराची लक्षणे फसवी असतात. न्यूमोनिया झालेली व्यक्ती खोकण्याऐवजी बरळू लागते, जेवण टाकते किंवा तोल जाऊन पडते. तापही फारसा चढत नाही. म्हणून तोंडातील तापमान एकदाच जरी ३७.८° सेल्सिअसच्या वर गेले, तरी तो ताप धरतात. ‘आज आजी नेहमीसारख्या नाहीत’ हे मावशींचे बोलणे तपासणीच्या अहवालाइतक्याच गांभीर्याने घ्यायला हवे.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात कर्कलंड येथील लाइफ केअर सेंटरमध्ये २८ फेब्रुवारी २०२० रोजी कोविडचा पहिला रुग्ण निश्चित झाला. १८ मार्चपर्यंत या केंद्राशी संबंधित १६७ रुग्ण सापडले : १०१ निवासी, ५० कर्मचारी व १६ अभ्यागत. निवाशांपैकी ३४ जण दगावले. लक्षणे असूनही कर्मचारी कामावर येत होते, काही जण एकाहून अधिक संस्थांत काम करत होते आणि संरक्षक साधनांचा सराव अपुरा होता, असे तपासात आढळले. अंगात कणकण असताना माणूस कामावर येतो तो बहुधा रोज बुडू नये म्हणून. त्यामुळे पगारी आजारी रजा हा साथप्रतिबंधाचाच भाग मानला पाहिजे. ब्रिटिश कोलंबियाने मार्च २०२० मध्येच एका कर्मचाऱ्याने एकाच संस्थेत काम करावे असा आदेश काढला, तो याच विचाराने.

त्याच परिसरातील दुसऱ्या शुश्रूषागृहात चाचणीत बाधित ठरलेल्या ४८ निवाशांपैकी २७ जणांना त्या वेळी एकही लक्षण नव्हते. लक्षणे दिसण्याची वाट पाहणे किती महाग पडते, ते यावरून कळते. इंग्लंडमध्ये त्याच वसंतात रुग्णालयांतून वृद्धांना चाचणीविना शुश्रूषागृहांत धाडले गेले. लक्षणविरहित प्रसाराचा धोका विचारात न घेणारे ते धोरण उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये बेकायदेशीर ठरवले.

रोगागणिक उपाय बदलतात. इन्फ्लुएंझाची लागण ७२ तासांत दोघांना झाली आणि एकाची चाचणीने खात्री पटली, की साथ गृहीत धरून बाधित विभागातील सर्व निवाशांना विषाणुरोधक औषध सुरू करतात. नोरोव्हायरसच्या जुलाब-उलट्यांत अल्कोहोलचे द्रावण पुरेसे ठरत नाही. हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात, फरशीला क्लोरीनयुक्त द्रावण वापरतात आणि आजारी कर्मचाऱ्याला लक्षणे थांबल्यावरही ४८ तास घरी ठेवतात. खरजेत निवासी व निकट संपर्कातील कर्मचारी या सर्वांवर एकाच वेळी उपचार झाले नाहीत, तर ती पुन्हा उद्भवते. लेजिओनेला जिवाणू मात्र पाण्याच्या यंत्रणेतून येतो : टोरांटोतील सेव्हन ओक्स या शुश्रूषागृहात २००५ मध्ये त्याने २३ बळी घेतले.

नातेवाइकांना दार बंद करणे हा सर्वांत सोपा वाटणारा आणि सर्वांत क्रूर उपाय होय. कोविडकाळात अनेक वृद्ध लेकरांचा चेहरा न पाहता गेले. भेटीस येणाऱ्याला मुखपट्टी द्यावी, हात धुवायला लावावेत, भेट मोकळ्या हवेत घडवावी. पण भेट बंद करू नये.

भारतात वृद्धांसाठी इन्फ्लुएंझाची लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट नाही. त्यामुळे तिचा खर्च संस्था किंवा कुटुंब यांच्यावरच पडतो. आपले माणूस वृद्धाश्रमात ठेवताना खोलीच्या सोयींबरोबर दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : लस कोणाकोणाला दिली आहे आणि आजारी मावशींना पगारी रजा मिळते का.