ब्युइकची बोली

वऱ्हाडात जुन्या बड्या मोटारीची पारख करू पाहणाऱ्याने आधी १९५४ हे साल ध्यानात घ्यावे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग परदेशांतून येत, तयार गाड्या देशभर जात. कापसाच्या पैशावर चालणाऱ्या अमरावती-अकोल्यात अशी ब्युइक दारात उभी असणे म्हणजे घराण्याची ऐटच! पण १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने देशातच मोटारी घडवणाऱ्यांची बाजू घेतली, आणि पुढल्याच वर्षी जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. ऐट उरली, भाग मिळेनासे झाले.

तेव्हापासून ओळीने आठ सिलिंडरांची ती जुनी ब्युइक घेणे सोपे, पोसणे महाग. विकणारा रंग आणि गाद्या दाखवतो; घेणाऱ्याने मागचा धूर पाहावा. धूर निळा असेल तर तेल जळते आहे, बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. आमच्या काळ्या मातीची धूळ हवेच्या गाळणीतून आत शिरली, की ही झीज वाढते. मग त्या रिंगा आणायच्या कुठून? लेथवर भाग घडवून देणारा जाणता मिस्त्री गावात असेल, तर त्याला बरोबर घेऊन सौद्याला बसावे. नसेल तर मालकाचा चहा घ्यावा, गाडीचे तोंड भरून कौतुक करावे आणि एस. टी. ने घरी परतावे.