ब्रेकचं पेडल अचानक दगडासारखं कडक का होतं? घरच्या घरी कसं ओळखायचं?

२० नोव्हेंबर २०२२, रविवारची रात्र. पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका ट्रकने पुढच्या अनेक गाड्यांना एकामागोमाग धडक दिली. सुरुवातीला सगळीकडे 'ब्रेक फेल' हेच कारण सांगितलं जात होतं. पण पोलिसांच्या प्राथमिक तपासात वेगळीच गोष्ट पुढे आली. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं!

इंजिन बंद केल्याचा आणि ब्रेकचा काय संबंध? तोच संबंध कळला, की कारचं पेडल कडक का होतं हेही कळतं.

ब्रेकची खरी ताकद इंजिनातून येते

ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि तो दाब तयार करणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. बहुतेक कारमध्ये पद्धत वेगळी असते. पेडलच्या मागे, बॉनेटखाली एक मोठा गोल डबा दिसतो. तो ब्रेक बूस्टर. त्याच्या आत एक पडदा असतो आणि इंजिन चालू असताना त्यातली हवा खेचली जाऊन निर्वात पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम तयार होतो. तुम्ही पेडल दाबलं, की पडद्याच्या एका बाजूने बाहेरची हवा आत शिरते आणि तुमच्या पायाचा जोर कित्येक पट वाढवते.

हा व्हॅक्यूम गेला, की उरतो फक्त तुमचा पाय. ब्रेक पूर्ण जात नाही, पण पेडल कडक लागतं आणि गाडी थांबायला खूप जास्त अंतर लागतं.

कडक आणि मऊ पेडल, दोन वेगळे आजार

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. पेडल मऊ, स्पंजासारखं लागत असेल किंवा खाली जात असेल, तर ब्रेक ऑइलची गळती किंवा लाईनमध्ये शिरलेली हवा हे कारण असू शकतं. पेडल कडक असेल, तर नुसतं ब्रेक ऑइल भरून काहीही फरक पडत नाही.

तीन सोप्या चाचण्या

गाडी सपाट जागी उभी करा, हॅन्डब्रेक लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर पार्कमध्ये.

१. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल. आता पाय दाबून ठेवूनच गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं, तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही, तर दोष बूस्टर, पाईप किंवा व्हॅक्यूममध्ये आहे.

२. इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा आणि थोडं थांबून पेडल दाबा. पहिले एक-दोन दाब मऊ लागायला हवेत. पहिलाच दाब कडक असेल, तर व्हॅक्यूम कुठेतरी गळतोय.

३. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट तसंच धरा. पेडल पायाला वर ढकलू लागलं, तर बूस्टर किंवा त्याचा व्हॉल्व्ह गळतोय.

पेडल दाबून धरल्यावर सतत 'सूं' असा आवाज येणं हीदेखील गळतीची खूण आहे.

मग दुरुस्ती काय?

आधी स्वस्त गोष्टी तपासून घ्या. इंजिनाकडून बूस्टरकडे जाणारा रबरी पाईप तडकतो, निसटतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांचे पाईप तर उंदीरही कुरतडतात. त्यावर चिकटपट्टी गुंडाळू नका, व्हॅक्यूमसाठीचाच नवा पाईप बसवा. त्याच मार्गावर हवा एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, तोही बदलता येतो. डिझेल गाडीत व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो. अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरलाच जोडलेला असतो, तो तपासावा लागतो. हे सगळं ठीक असेल, तरच बूस्टर बदलायची वेळ येते.

बूस्टर चांगला असूनही गाडी नीट थांबत नसेल, तर ब्रेक पॅड गुळगुळीत झालेत का, कॅलिपर जाम झालाय का, हे मेकॅनिककडून बघून घ्या. सिंहगडासारख्या घाटातून सतत ब्रेक दाबत उतरल्यावर जळका वास येऊन ब्रेक लागेनासे झाले, तर पॅड तापलेत. सुरक्षित जागी थांबून ते थंड होऊ द्या.

चालत्या गाडीत पेडल कडक झालं तर?

पेडल पुन्हा पुन्हा पंप करू नका, त्याने उरलासुरला व्हॅक्यूमही संपतो. पूर्ण ताकदीने, गरज पडल्यास दोन्ही पायांनी दाबून धरा. गिअर एकेक करून खाली आणा, हॅझर्ड लाईट लावा, हॅन्डब्रेक हळूहळू ओढा. गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. आणि दोष सापडेपर्यंत गाडी चालवू नका, टो करून न्या.

राहिला प्रश्न पेट्रोल वाचवण्याचा

उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडून इंधन वाचतं, हा समज आजही अनेकांचा आहे. पण आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंधन जवळपास बंदच होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन जळत राहतं. म्हणजे गिअरमध्ये उतरलं तर पेट्रोलही वाचतं, इंजिन गाडीला रोखूनही धरतं आणि ब्रेकची ताकदही शाबूत राहते.